गच्चीवर अँटेनाचा लोखंडी खांब : पाईप किती जाड, आणि तो धरायचा कशाला?

तारमास्तर (धागाकर्ते)

वायरलेस लिंकची डिश किंवा हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) व्हीएचएफ अँटेना बसवायचा म्हटलं की फॅब्रिकेटरचं उत्तर ठरलेलं असतं : "दोन इंची बी क्लास टाका, हलणार नाही." (बी क्लास म्हणजे मध्यम जाडीची नळी.) हे उत्तर आकड्यांत तपासून बघू या.

जागा : मुंबई, खाडीकाठची चार मजली इमारत, गच्ची सुमारे १३ मीटरवर. पाईप ६ मीटर. त्यातला दीड मीटर भाग दोन क्लॅम्पमध्ये धरलेला, वरचा ४.५ मीटर मोकळा. वरच्या क्लॅम्पपासून ४.२ मीटरवर ६० सेंमी व्यासाची भरीव डिश आणि अगदी टोकाला व्हीएचएफची काठी.

वारा : आयएस ८७५ (भाग ३) : २०१५ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय संहितेप्रमाणे मुंबईचा मूळ वेग ४४ मीटर/सेकंद. के-१ (जोखमीचा गुणक) = १.०७. खाडीकडून वारा मोकळा येतो म्हणून भूभाग प्रकार २, २० मीटर उंचीला के-२ (भूभाग आणि उंचीचा गुणक) = १.०७. जमीन सपाट, के-३ = १. पश्चिम किनाऱ्यावर के-४ चा चक्रीवादळी गुणक फक्त गुजरातला लागतो, इथे १. म्हणजे ४४ × १.०७ × १.०७ = ५०.४ मी/से, ताशी १८१ किमी. दाब = ०.६ × ५०.४² = १५२३ न्यूटन प्रति चौ. मीटर. सोप्या भाषेत, दर चौरस मीटरला १५५ किलो.

डिशचं क्षेत्रफळ ०.२८३ चौ. मी., आकार-गुणक १.४ धरला तर ६०३ न्यूटन. पाईपवर (व्यास ६०.३ मिमी, गुणक १.२) मीटरमागे ११० न्यूटन. व्हीएचएफची काठी साधारण ५५ न्यूटन.

वरच्या क्लॅम्पपाशी आघूर्ण (वाकवणारा परिणाम, जोर × अंतर) :
डिश ६०३ × ४.२ = २५३३
पाईप ११० × ४.५² ÷ २ = १११४
काठी ५५ × ५.२ (तिचा मध्य पाईपच्या टोकाच्या वर) = २८६
एकूण ३९३३ न्यूटन-मीटर.

दोन इंची म्हणजे ५० एनबी (नळीचं नाममात्र माप) बी क्लासचा (६०.३ × ३.६ मिमी) छेद-मापांक, म्हणजे वाकण्याला छेद किती विरोध करतो तो आकडा, ८.५८ घन सेंमी. ताण येतो ४५८ मेगापास्कल. वायएसटी २१० प्रतीच्या नळीचं पोलाद २१० ला वाकायला लागतं. म्हणजे सुरक्षागुणक लावायच्या आधीच दुपटीहून जास्त. सी क्लास (४.५ मिमी) घेतला तरी ३८४. "हलणार नाही" हे खरंच आहे, तो हलणार नाही, सरळ आडवाच होईल.

जाडी वाढवण्यापेक्षा उंची कमी केलेली बरी. मोकळा भाग ३ मीटर, डिश क्लॅम्पपासून दीड मीटरवर, पाईप ६५ एनबी बी क्लास (७६.१ × ३.६, मापांक १४.२). आघूर्ण १७३५, ताण १२२. दीडचा भारगुणक लावून १८३, आणि मर्यादा २१० ÷ १.१ = १९१. बसतं, पण जेमतेम.

आता ६५ एनबी घेऊन तो गच्चीच्या कठड्याला ४० सेंमी अंतरावर दोन क्लॅम्पनी धरायचा विचार आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

---

उभा_आडवा

हिशोब चोख. एकच शंका. राहत्या इमारतीला के-१ = १.० चालतो. १.०७ कशाला? आणि निसर्ग वादळात एवढे खांब उभे राहिले, त्यांचं काय?

---

तारमास्तर

@उभा_आडवा, संहितेत दळणवळणाचे मनोरे महत्त्वाच्या बांधकामांत मोडतात. ४४ च्या पट्ट्यात त्यांना १.०७, ३९ च्या पट्ट्यात १.०६. घरगुती डिशला १.० लावलात तर दाब साधारण १३ टक्के उतरतो. ५० एनबीच्या ४५८ चे ४०० होतील. तो नापास तो नापासच.

निसर्गबद्दल : ३ जून २०२० ला ते रायगड किनाऱ्यावर आलं तेव्हाचा ११०-१२० किमीचा आकडा हा हवामान खात्याचा, काही मिनिटांच्या सरासरीचा. संहितेतला ४४ मी/से हा ३ सेकंदांच्या झोताचा, मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवरचा आणि सरासरी ५० वर्षांतून एकदा ओलांडला जाईल असा वेग. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. शिवाय उभ्या राहिलेल्या बऱ्याच खांबांवर नुसती काठी होती, डिश नव्हती. डिश नसेल तर वरच्या हिशोबातले २५३३ सरळ वजा होतात.

पुणेकरांसाठी : मूळ वेग ३९, दाट वस्तीत प्रकार ३, २० मीटरला के-२ = १.०१. दाब येतो १०४६. मुंबईच्या खाडीकाठापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी. पण इमारत टेकडीच्या माथ्यावर असेल तर के-३ वाढतो, १.३६ पर्यंत जाऊ शकतो, आणि तोही वर्गात लागतो.

---

कोबा_आणि_विटा

पाईपचा हिशोब वाचताना मजा आली, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. कठड्याला?

क्लॅम्पमध्ये अंतर ४० सेंमी. खालच्या क्लॅम्पवर १७३५ ÷ ०.४ = ४३३८ न्यूटन. वरच्यावर त्यात वाऱ्याचा आडवा जोर (डिश ६०३ + पाईप ४१७ + काठी ५५ = १०७५) मिळवा, ५४१३. साडेपाचशे किलो, साडेचार इंची विटेच्या भिंतीला, तिच्या अगदी वरच्या काठापाशी.

आता कठडाच बघा. जाडी ११५ मिमी, उंची १ मीटर. एक मीटर लांबीचं वजन साधारण २.२ किलोन्यूटन. स्वतःच्या वजनावर तो उलटायला किती विरोध करतो? २.२ × ०.०५७५ = ०.१२७ किलोन्यूटन-मीटर. खांबामुळे कठड्याच्या पायाशी येणारं आघूर्ण १७३५ + १०७५ × ०.९ = सुमारे २.७ किलोन्यूटन-मीटर. म्हणजे नुसत्या वजनावर तोलायचं तर २१ मीटर लांबीचा कठडा एकसंध हलला पाहिजे. तसा तो हलत नाही. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना तिरकी भेग जाते आणि मधला त्रिकोणी तुकडा पाईपसकट रस्त्यावर जातो. सिमेंटची पकड थोडी मदत करते, पण कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात पावसाचं पाणी मुरत असतं. त्या पकडीवर भरवसा ठेवणार असाल तर खाली गाडी लावू नका.

खांब पडला तर डिशचे पैसे गेले. कठडा पडला तर खालचा माणूस गेला.

---

उभा_आडवा

+१. हे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावण्यासारखं आहे.

---

तारमास्तर

मान्य. कठडा बाद. मग जिन्याच्या खोलीची भिंत?

---

खिळेठोक

भिंत नाही, तिच्यातला कॉलम. जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, टाकीखालचे खांब, या तीन जागी आरसीसी सापडतं. भिंतीत भोक पाडताना भुकटी लाल निघाली तर वीट, राखाडी निघाली आणि ड्रिल अडखळलं तर काँक्रीट. नव्या इमारतीत फ्लाय ॲशचे ब्लॉकही राखाडीच असतात, पण त्यांत ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं. फसू नका.

क्लॅम्पमधलं अंतर वाढवा. ४० सेंमीचं १ मीटर केलंत की खालचा जोर ४३३८ वरून १७३५ वर येतो आणि वरचा ५४१३ वरून २८१० वर. फुकटात अर्धं ओझं उतरलं. जिन्याची खोली साधारण अडीच मीटर उंच असते, तिथे दीड मीटर अंतरही मिळतं.

अँकर : प्रत्येक क्लॅम्पला ८ मिमीची प्लेट आणि चार एम-१२ (१२ मिमी) केमिकल अँकर, म्हणजे रेझिनने चिकटवलेले बोल्ट. भोक १४ मिमी, खोली ११० मिमी. भोक पाडलं की फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. बहुतेक गडबड इथेच होते. भुकटी राहिली तर रेझिन काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि अख्खा बोल्ट गोळीसारखा बाहेर येतो. रेझिन बसायची वेळ ट्यूबवर छापलेली असते. ती पाळा, "दहा मिनिटांनी आवळतो" चालत नाही. कॉलमच्या कडेपासून निदान १०० मिमी आत. प्रसरण पावणारा अँकर फास्टनर कडेजवळ मारला तर आवळतानाच कोपरा फुटतो. सळी लागली तर भोक सरकवा, सळी कापू नका.

पाईप भिंतीपासून जितका लांब, तितका आडव्या वाऱ्यात बोल्टवर जास्त ताण. पाईपचा मध्य भिंतीपासून १५० मिमीच्या आत ठेवा.

आणि स्लॅबला बेस प्लेट ठोकायचा विचार कोणी करत असेल तर : गच्चीवर आधी टाइल, तिच्याखाली चार-पाच इंच विटांचा कोबा, मग स्लॅब. १०० मिमीचा अँकर कोब्यातच संपतो. तो धरत काहीच नाही, फक्त खालच्या घरात गळती सुरू करतो.

---

कोबा_आणि_विटा

शेवटच्या ओळीला टाळ्या.

---

दोरखंड

सगळे खांब उघडेच का ठेवताय? तीन ताणतारा लावा आणि ६ मीटर उंची ठेवा. मूळ ४.२ मीटरवरच्या डिशला हाच उपाय आहे.

ताणतारा डिशच्या जरा खाली, तीन बाजूंना १२० अंशांवर, जमिनीशी ४५ अंशांत. वारा कुठूनही आला तरी वाईटात वाईट वेळी एका तारेवर साधारण सगळा जोर येतो. तारेच्या पातळीवर हजारभर न्यूटन धरले तर तारेत हजार ÷ कोस ४५ = सुमारे १४०० न्यूटन. दीडचा गुणक लावून २१००. ६ मिमीची जीआय वायर रोप याच्या कित्येक पट जोर सोसते. जाडी मी ताकदीसाठी नाही, गंजासाठी घेतो.

टोकाला थिंबल (तारेच्या फासाचं धातूचं अस्तर), तीन बुलडॉग क्लिप (तार आवळणारे चिमटे). क्लिपचा यू-बोल्ट तारेच्या मोकळ्या शेपटीवर आणि चपटी बैठक ताण येणाऱ्या बाजूवर. उलट लावली की बोल्ट ताण येणारी तार चिरडतो. तीन क्लिपांमध्ये तारेच्या व्यासाच्या सहापट अंतर, इथे ३६ मिमी. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) आवळून झालं की त्यातून बारीक तार ओवून गाठ मारा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने ते स्वतःच उलगडतं.

नायलॉनची दोरी नको. ती ताणते, उन्हाने कुजते आणि पहिल्याच पावसाळ्यात ढिली पडते. सुरुवातीचा ताण तारेच्या तुटण्याच्या भाराच्या दहा टक्क्यांच्या आसपास. वीणेसारखी वाजेपर्यंत आवळायची नाही. जास्तीचा ताण पाईपला खाली दाबत राहतो.

---

कोबा_आणि_विटा

@दोरखंड, तारांची खालची टोकं कुठे बांधणार?

---

दोरखंड

कठड्याला आय-बोल्ट... समजलं. मागे घेतो.

दोन जिन्याच्या खोल्या आणि टाकीचे खांब असलेली गच्ची असेल तरच तीन चांगले बिंदू मिळतात. नाहीतर खालच्या कॉलमच्या बरोबर वर कोबा तोडून आरसीसीचा ठोकळा ओतायचा, जुन्या सळ्यांना सांधायचा, वरून वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं. एवढा खर्च निघत नसेल तर तारमास्तरांचा ३ मीटरचा खांब बरा.

अवांतर : ताणतार दिसली की गच्चीवर कोणीतरी तिच्यावर चादर वाळत घालतंच. ओली चादर म्हणजे दीड-दोन चौरस मीटरचं शीड. दोन मीटर उंचीपर्यंत पिवळा पीव्हीसी पाईप चढवा, ठेच लागणंही वाचतं.

---

गच्चीवाला

भोक न पाडता वजनावर उभा राहणारा स्टँड चालेल का? भाड्याची जागा आहे.

---

खिळेठोक

चालेल, वजन ऐकून हौस राहिली तर. तारमास्तरांचाच भार, पायाशी १७३५ न्यूटन-मीटर आघूर्ण धरा. १.५ मीटर चौकोनी बैठक. उलटू नये म्हणून १७३५ ÷ ०.७५ = २३१३ न्यूटन, दीडचा गुणक लावून ३५० किलो. घसरू नये म्हणून (घर्षण ०.४) १०७५ × १.५ ÷ ०.४ = ४०३० न्यूटन, म्हणजे ४१० किलो. घसरण भारी पडते. सव्वादोन चौरस मीटरवर ४१० किलो म्हणजे चौ. मीटरला सुमारे १.८ किलोन्यूटन, आणि वापरातल्या गच्चीचा संहितेतला चल भार १.५. बैठक तुळईवर ठेवा किंवा २ मीटर चौकोनी करा. खाली रबरी चटई. आणि वजन म्हणून वाळूच्या गोण्या नकोत, उन्हाने फाटतात. पेव्हर ब्लॉक चौकटीत बंदिस्त करून ठेवा.

किंवा डिश लहान घ्या. ३० सेंमीच्या डिशला वारा चौथ्या हिश्शाने लागतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय कोणी सुचवतच नाही.

---

गंजवैद्य

पाईप विकत घेताना : आयएस १२३९ चा पाईप पाण्यासाठी बनतो, आयएस ११६१ चा बांधकामासाठी. दुसरा मिळाला तर तोच घ्या. रंगाची पट्टी बघा, पिवळी ए क्लास, निळी बी, लाल सी. पट्टी रंगवताही येते, म्हणून वजन करा. ६५ एनबी बी क्लासचा ६ मीटरचा नग काळा पाईप असेल तर ३८ किलोच्या आसपास भरतो, जस्त चढवलेला थोडा जास्त. ३४-३५ भरला तर ए क्लास माथी मारलाय.

सॉकेटने जोडलेले दोन तुकडे कधीही नकोत. दोन इंची पाईपला आटे पाडले की प्रत्येक बाजूने सुमारे १.८ मिमी पोलाद जातं. ३.६ मधलं निम्मंच उरतं आणि छेद-मापांक ८.५८ वरून सुमारे ४.१ वर येतो, निम्म्याहून कमी. वर आट्याच्या खाचेतच भेग सुरू होते. पडलेला खांब सॉकेटच्या लगेच खाली मोडलेला दिसला तर कारण शोधायची गरज नाही.

जस्त : नळ्यांच्या गॅल्व्हनायझिंगला ४०० ग्रॅम प्रति चौ. मी., म्हणजे सुमारे ५६ मायक्रॉन. समुद्राच्या तोंडावर खाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जाऊ शकतं. म्हणजे ७ ते १४ वर्षं. प्लेटा, क्लॅम्प वेल्डिंग करून मग गॅल्व्हनायझिंगला पाठवा. ५ मिमी आणि त्याहून जाड कामाला ६१० ग्रॅम मागा. दोन्ही टोकं बंद केलेला पाईप पाठवायचा असेल तर आधी हवेसाठी भोक ठेवा. आत पाणी अडकलं तर वितळलेल्या जस्ताच्या टाकीत तो फुटतो.

चढवल्यावर साइटवर वेल्डिंग झालंच तर तो भाग घासून झिंकयुक्त रंगाचे दोन हात. चंदेरी ॲल्युमिनियम पेंट म्हणजे झिंक नव्हे, दिसायला सारखाच असतो म्हणून सांगितलं.

वरच्या टोकाला टोपी, तळाशी ८-१० मिमीचं निचऱ्याचं भोक. केबल आत सोडायला वरच्या क्लॅम्पपाशी भोक पाडू नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

---

तारमास्तर

सुधारित यादी, वरच्या सगळ्यांचं ऐकून :

६५ एनबी बी क्लास, एकसंध, मोकळा भाग ३ मीटर. जिन्याच्या खोलीच्या कॉलमवर दोन क्लॅम्प, १.२ मीटर अंतर. प्रत्येकी ८ मिमी प्लेट, चार एम-१२ केमिकल अँकर, नायलॉक नट. डिश दीड मीटरवर. खांब २५ × ३ मिमीच्या जीआय पट्टीने इमारतीच्या तडितवाहकाला जोडणार, कोएक्सला (अँटेनाच्या केबलला) आत शिरण्याआधी सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा).

---

उभा_आडवा

जाळीची डिश घेतली तर? वारा आरपार जातो म्हणतात.

---

दोरखंड

सगळा जात नाही. तारा जवळजवळ असतात आणि प्रत्येक तारेचा स्वतःचा अडथळा असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात ताशी १६० किंवा २०० किमीला किती न्यूटन ते दिलेलं असतं, तोच आकडा घ्या आणि वेगाच्या वर्गाने बदला. २०० चा आकडा १८१ ला आणायचा तर ०.८२ ने गुणा. माहितीपत्रकात "२०० किमीला टिकते" एवढंच लिहिलं असेल तर ते डिशबद्दल आहे, तुमच्या खांबाबद्दल नाही.

---

गंजवैद्य

तपासणी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आणि दुसरी दिवाळीनंतर. क्लॅम्पच्या लगेच वर आणि खाली बघा, पाणी तिथे थांबतं. छोट्या हातोडीने टकटक करा. खणखणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज आला तर आतून पापुद्रे सुटलेत. दोन इंची पाईपची ३.६ मिमी भिंत आतून २.६ झाली तरी चौथा हिस्सा ताकद गेलेली असते, आणि बाहेरून रंग छान दिसत असतो. यू-बोल्ट दर वेळी पान्याने तपासा, पण जोर लावून नव्हे. पातळ पाईप चेपला की डिश वाऱ्यात फिरते, आणि लिंक गेली म्हणून लोक राउटर बदलत बसतात.

संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन अडकलेला मांजा आणि पतंग काढा. केबलची साल कापली जाते.

---

गच्चीवाला

वाचनखूण साठवली. ३० सेंमीच्या डिशवर ठरलं. तिचा पाईप ५० एनबी चालेल ना? मोकळा भाग २ मीटर, डिश १.५ मीटरवर, काठी नाही.

---

तारमास्तर

डिश १५१ × १.५ = २२७, पाईप ११० × २² ÷ २ = २२०. एकूण ४४७, ताण ५२, दीडने गुणून ७८. आरामात चालेल. वजनाचा स्टँडही १०० किलोच्या थोडा खाली भागेल उलटण्यासाठी, पण घसरणीसाठी आडवा जोर ३७१ × १.५ ÷ ०.४ म्हणजे १४० किलो ठेवा.